रेअर अर्थची पुडी : आधी काट्यावर, मग रानात





२०२५ च्या एप्रिल महिन्यात चीनने सात ‘रेअर अर्थ’ धातूंच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि तेव्हापासून हा शब्द वर्तमानपत्रातून थेट गावच्या पारावर आला. विजेवर चालणाऱ्या मोटारीपासून पवनचक्कीपर्यंत अनेक ठिकाणच्या लोहचुंबकांना हे धातू लागतात, हे आता शाळकरी पोरही सांगते. शब्द गाजला की त्याच्या नावावर माल खपवायला कोणी ना कोणी निघतेच. “चीनमध्ये पन्नास वर्षांपासून हे पिकावर मारतात, उसाला काळोखी येते, फुटवा वाढतो, साखर उतारा चढतो,” असा प्रचार कानावर येतो आणि मग गट कार्यालयात सभासद विचारतात, “साहेब, मारावं का नको, एका शब्दात सांगा.”

एका शब्दात सांगायचे तर, आज स्वतःच्या पैशाने नको. पण सभासद हा कारखान्याचा मालक आहे. मालकाला नुसता ‘नको’ सांगून चालत नाही, कारण सांगावे लागते. शिवाय ही गोष्ट निव्वळ थाप असती तर दोन ओळींत विषय संपला असता. तिच्यात काही अंश खरा आहे, म्हणूनच ती नीट समजून घ्यायला हवी.

हे द्रव्य आहे तरी काय?

आपल्या शास्त्रीय पुस्तकांत यांना ‘विरल मृत्तिका मूलद्रव्ये’ म्हणतात. ही एकूण १७ आहेत. लँथॅनम, सिरियम, निओडिमियम ही त्यांतली नेहमी कानावर येणारी नावे. १७८७ साली स्वीडनमधील इटरबी या गावच्या खाणीत एक काळा जड दगड सापडला आणि १७९४ साली योहान गॅडोलिन या रसायनशास्त्रज्ञाने त्यातून नवी ‘मृत्तिका’ वेगळी केली. आगीत न बदलणाऱ्या अशा पांढऱ्या भुकटीला त्या काळी मृत्तिका म्हणत. थोड्या ठिकाणी सापडली म्हणून ‘विरल’. पुढे कळले की ती तितकी विरल नाहीच. पृथ्वीच्या कवचात सिरियम जवळजवळ तांब्याइतके आहे. अडचण एवढीच की ते विखुरलेले असते आणि एकमेकांपासून वेगळे करणे जिकिरीचे असते.

आपल्या देशालाही हे नवे नाही. केरळ, तामिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट नावाचे खनिज मिळते. त्यासाठी १९५० साली सरकारने इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी काढली आणि १९५२ साली केरळात अलुवा येथे तिचा कारखाना सुरू झाला.

आता आपल्या रानाचा हिशेब मांडू. जगातील मातीत ही सर्व द्रव्ये मिळून किलोमागे साधारण १०० ते २०० मिलिग्रॅम असतात. एक एकराचा वरचा सहा इंचाचा थर म्हणजे सुमारे ९ लाख किलो माती. किलोमागे १०० मिलिग्रॅमच धरले तरी एकरात ९० किलो विरल मृत्तिका आजही पडून आहे. उलट ०.०३ टक्के तीव्रतेचे द्रावण एकरी २०० लिटर मारले तर आपण टाकणार अवघे ६० ग्रॅम क्षार.

त्यात आणखी एक गोष्ट. ज्या खनिज फॉस्फेटपासून सुपर फॉस्फेट बनते, त्या दगडातच ही द्रव्ये कमी-जास्त असतात आणि सुपर फॉस्फेटच्या पोत्यातून ती रानात येतात. म्हणजे आपले वडील पहिले सुपरचे पोते रानात फोडत होते तेव्हापासून आपण ती नकळत टाकतच आहोत.

यावर विक्रेत्याचे उत्तर तयार असते : मातीतले ते बंदिस्त आहे, पुडीतले विद्राव्य आहे. हे उत्तर चूक नाही. मातीतला बहुतेक साठा न विरघळणाऱ्या रूपात असतो आणि त्यातला अगदी थोडा अंश पिकात चढतो. चढला तरी त्यातला बराचसा मुळांतच अडकून राहतो. चिनी शास्त्रज्ञांचे म्हणणे असे की, ज्या जमिनीत विद्राव्य अंश कमी तेथे फवारणीला प्रतिसाद जास्त मिळतो. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात विद्राव्य अंश कमीच असणार. म्हणून प्रयोगाला जागा आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण प्रयोगाला जागा असणे वेगळे आणि विक्रीला मुभा असणे वेगळे.

चीनने काय केले?

चीनने १९७२ च्या सुमारास या विषयावर पद्धतशीर काम सुरू केले. १९८० नंतर विरल मृत्तिकांच्या नायट्रेट क्षारांचे मिश्रण तेथे बाजारात आले. त्याचे नाव ‘छांगल’. आपल्या कानाला ते ‘चांगलं’ असेच ऐकू येईल. बियाण्याला चोळणे किंवा साधारण ०.०१ ते ०.०५ टक्क्यांची फवारणी, अशी त्याची पद्धत. गहू, भात, भुईमूग, बीट, ऊस अशा पुष्कळ पिकांवर लाखो हेक्टरांत ते वापरले गेले. उत्पादनात बहुधा ५ ते १५ टक्के वाढ आणि ऊस व बीट यांत साखरेचे प्रमाण वाढल्याचे दावे तेथून आले.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, यातील बरेच प्रयोग जुने असून त्यांच्या अहवालांत प्लॉट किती, किती वेळा परत घेतले, फरक योगायोगाचा की खरा, याचा तपशील पुरेसा मिळत नाही, अशी टीका बाहेरच्या शास्त्रज्ञांनी वारंवार केली आहे. दुसरी गोष्ट धंद्याची आहे. लोहचुंबकाला हवे असते निओडिमियम. पण खाणीतून ते एकटे येत नाही. त्याच्यासोबत लँथॅनम आणि सिरियमचा ढीग येतो, त्याला तेवढे गिऱ्हाईक नसते आणि भावही पडलेला असतो. अशा उरलेल्या मालाला शेतीसारखे मोठे गिऱ्हाईक मिळाले तर कोणाला नको आहे?

याचा अर्थ उपपदार्थ म्हणजे वाईट, असा मुळीच नाही. साखर कारखान्याच्या सभासदाला हे कोणी शिकवायला नको. आपली मळी, भुसा, प्रेसमड हे सगळे उपपदार्थच आहेत. प्रेसमडचे खत आपण रानात घालतो ते त्यात काय आहे हे तपासून आणि पीक बघून. तीच कसोटी इतरांच्या उपपदार्थालाही लावली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

पिकात नेमके काय घडते?

लँथॅनमच्या आयनाचा आकार कॅल्शियमच्या आयनाच्या फार जवळ आहे, पण त्याच्यावरील विद्युतभार जास्त. त्यामुळे पेशीच्या भिंतीवर आणि पडद्यावर जेथे कॅल्शियम बसायचे तेथे तो ठाण मांडतो. प्रयोगशाळेत तर कॅल्शियमची वाट बंद करायची असली की शास्त्रज्ञ मुद्दाम लँथॅनम वापरतात. २०१४ साली चिनी शास्त्रज्ञांनीच दाखवले की पानाच्या पेशीला लँथॅनम लागले की पेशीचा पडदा आत वळून बाहेरचे पदार्थ गिळू लागतो. एरवी पानाच्या पेशी हे काम सहसा करीत नाहीत. पीक चटकन हालचाल दाखवते त्यामागे हे एक कारण असू शकते. पण ज्या दाराने चांगले आत येते त्याच दाराने नको ते पाहुणेही येऊ शकतात.

मात्रा वाढली की चित्र उलटते. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी १९९५ साली मका आणि मुगाच्या रोपांवर पाण्यात प्रयोग केले, तेव्हा अगदी थोड्या लँथॅनम आणि सिरियमनेही मुळांची वाढ खुंटते असे आढळले. आपल्या भाषेत सांगायचे तर पांढरी मुळी आखूड राहते. कणभर उत्तेजन आणि मणभर अपाय, असा हा मामला. आपल्याकडे तर पुडीवर एक चमचा लिहिला असला की “दोन टाकू, जरा जोर येईल,” म्हणणारे प्रत्येक वस्तीवर आहेत.

एक बाब मात्र खरोखर कुतूहलाची आहे. उसासकट सर्व पिकांच्या पानांवर असंख्य जिवाणू राहतात. त्यांतील काही जिवाणू पानातून निघणाऱ्या मिथेनॉलवर जगतात. २०११ नंतरच्या संशोधनात दिसून आले की या जिवाणूंच्या एका महत्त्वाच्या विकराला विरल मृत्तिकाच लागते. इटलीतील ज्वालामुखीच्या चिखलात सापडलेला एक जिवाणू तर तिच्याशिवाय वाढतच नाही, हे २०१४ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा ही द्रव्ये जीवसृष्टीत निरुपयोगी नाहीत. उद्या पानावरच्या जिवाणूंच्या मार्गाने पिकाला फायदा होतो असे सिद्ध झाले तर मला आनंदच आहे. पण जिवाणूची गरज म्हणजे उसाची गरज नव्हे.

दोन याद्या

सर्वात मोठा गोंधळ शब्दाचा आहे. ही पुडी ‘सूक्ष्म अन्नद्रव्य’ म्हणून सांगितली जाते. अन्नद्रव्य कोणाला म्हणावे याची कसोटी अर्नन आणि स्टाउट या शास्त्रज्ञांनी १९३९ साली घालून दिली. ज्याच्यावाचून पीक आपला जीवनक्रम पुरा करू शकत नाही, ज्याची जागा दुसरे द्रव्य घेऊ शकत नाही आणि ज्याचा पिकाच्या पोषणात थेट भाग असतो, ते अन्नद्रव्य. या कसोटीला उतरलेली द्रव्ये १७ आहेत. विरल मृत्तिकाही १७ आहेत. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहा, एकही नाव दोन्हींकडे नाही.

यादी कायमची बंद झाली आहे असेही नाही. निकेलचे नाव तिच्यात १९८७ च्या संशोधनानंतर आले. आपल्या उसाला सिलिका हितकारक आहे हे जगभर मान्य आहे, तरी ते अजून ‘उपकारक’ या वर्गातच आहे. विरल मृत्तिकेलाही उद्या तो मान मिळू शकेल. पण तो मान मिळवावा लागतो, पुडीवर छापून येत नाही.

तो मान कसा मिळवतात याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. १९६६ साली पंतनगरच्या विद्यापीठात डॉ. य. ल. नेने यांनी तराई भागातील भाताचा ‘खैरा’ रोग हा जस्ताच्या कमतरतेमुळे होतो हे दाखवून दिले. जस्त दिले की रोग हटतो, न दिले की येतो. कोणाच्याही शेतात पुन्हा करून पाहावे, उत्तर तेच. म्हणूनच झिंक सल्फेट आज खेड्यापाड्यांत पोहोचले. लँथॅनम दिले नाही म्हणून उसाला अमुक रोग झाला, अमुक पान पिवळे पडले, असे आजवर कोणी दाखवलेले नाही. जी कमतरताच कोणी पाहिली नाही ती भरून काढायला पैसे कशाला मोजायचे?

कायद्याच्या अंगानेही पाहा. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशातील सूक्ष्म अन्नद्रव्यांत जस्त, लोह, मंगल, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम ही नावे सापडतात, लँथॅनम-सिरियम नाही. २०२१ पासून जैव-उत्तेजकांनाही या आदेशाखाली आणले आहे. तेव्हा कोणतीही पुडी हातात आली की आधी परवाना क्रमांक, घटकांचे प्रमाण आणि पक्की पावती मागा. यातले एक जरी नसेल तर माल दुकानातच राहू द्या.

तीन व्यवहारी धोके

पहिला धोका मिश्रणाचा. लँथॅनम फॉस्फरसला फार घट्ट धरते. इतके की मूत्रपिंडाच्या रुग्णांना रक्तातील फॉस्फरस कमी करण्यासाठी लँथॅनम कार्बोनेटच्या गोळ्या देतात आणि तलावातले शेवाळ उपाशी मारण्यासाठी लँथॅनम लावलेली माती पाण्यात टाकतात. आपण काय करतो? पंपात १२:६१:०० आणि जी हाताला येईल ती पुडी एकत्र ढवळतो. फॉस्फेट आणि लँथॅनम एकत्र आले की न विरघळणारा साका बसणार. दोन्हींचे पैसे गेले आणि पंपाचे तोंडही चोंदले.

दुसरा धोका शुद्धतेचा. मोनाझाइटमध्ये विरल मृत्तिकांसोबत थोरियम हा किरणोत्सारी धातू असतो. चांगल्या कारखान्यात तो वेगळा काढतात. पण नाव-गाव नसलेल्या पुडीत शुद्धीकरण झाले आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेला कळत नाही.

तिसरा धोका साठण्याचा. ही द्रव्ये मातीतून सहजासहजी वाहून जात नाहीत. एका फवारणीच्या ६० ग्रॅमने रान बिघडणार नाही, हे वरच्या हिशेबावरून उघड आहे. परंतु आळवणी, ठिबक, फवारणी असे वर्षातून चार वेळा, आडसालीला आणि पुन्हा खोडव्याला, ही सवय लागली तर हिशेब बदलतो. उसाचे वाढे आपण जनावरांना घालतो. फवारलेले पान थेट गोठ्यात जाते, हेही विसरू नये.

“मारून बघायला काय जाते?”

असे म्हणणारे सभासद प्रयोगशील असतात, त्यांचे मला कौतुक आहे. पण एका रानात, एकदा, सगळ्याच उसावर मारले आणि ऊस बरा आला, तर तो पुडीने आला, पावसाने आला की बेणे चांगले होते म्हणून आला, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आठ दिवसांत आलेली काळोखी हा पुरावा नव्हे. पुडीत थोडा युरिया किंवा फेरस मिसळलेला असला तरी काळोखी येते. आडसाली ऊस १६ ते १८ महिने उभा असतो. त्याचा निकाल पानावर नव्हे, काट्यावर लागतो.

आणि काट्याच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. एकट्या दुकट्या शेतकऱ्याला प्रयोग करणे परवडत नाही, पण सहकारी कारखान्याकडे स्वतःचा वजनकाटा आहे, रस तपासणारी प्रयोगशाळा आहे आणि हरतऱ्हेची जमीन असलेले सभासद आहेत. म्हणून संचालक मंडळापुढे मी अशी सूचना ठेवू इच्छितो.

भारी काळी, मध्यम आणि चुनखडीची अशा तीन प्रकारच्या रानांत को ८६०३२ या एकाच वाणावर चाचणी घ्यावी. चार प्रकार ठेवावेत : काहीच न फवारलेला, नुसते पाणी फवारलेला, शिफारशीची सूक्ष्म अन्नद्रव्ये दिलेला आणि रेअर अर्थची पुडी फवारलेला. प्रत्येक प्रकार प्रत्येक रानात चार ठिकाणी घ्यावा आणि कोणता तुकडा कोणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, म्हणजे चांगला तुकडा मुद्दाम पुडीला दिला असे होणार नाही. तोडणी करणाऱ्या टोळीला आणि प्रयोगशाळेतल्या माणसाला तुकड्याचा फक्त क्रमांक कळावा, त्यावर काय मारले ते कळू नये. पुडी आधी बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावी. वजनाच्या वेळी विक्रेता हजर नसावा. लागण आणि खोडवा अशी दोन्ही पिके पाहावीत आणि आराखडा पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र किंवा मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांच्याकडून तपासून घ्यावा. निकाल काहीही येवो, तो याच अंकात आकड्यांनिशी छापावा. फायदा दिसला तर ती पुडी कारखान्याच्या यादीत घालायला सर्वात आधी मीच सही करीन. तोपर्यंत कोणत्याही गटात ती उधारीवर वाटून ऊसबिलातून कपात करण्याला मात्र माझा विरोध राहील.

तोवर काय करावे?

त्याच पैशात करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते सिद्ध झालेले आहे. माती परीक्षण करून घ्या. जेथे कमतरता दिसेल तेथे विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेट, २० किलो झिंक सल्फेट, १० किलो मँगेनीज सल्फेट आणि ५ किलो बोरॅक्स शेणखतात मुरवून द्या. खोडव्याचे पाचट पेटवू नका. एक हेक्टर उसातून ८ ते १० टन पाचट मिळते, त्यातून ४० ते ५० किलो नत्र आणि त्याहून जास्त पालाश रानाला परत मिळतो. काडी लावणारा हे सगळे एका संध्याकाळी आभाळात सोडतो आणि सकाळी दुकानात ६० ग्रॅमची पुडी शोधायला जातो. ज्या रानाचा सेंद्रिय कर्ब घटला, पाण्याने जमीन चोपण झाली, त्या रानाला लँथॅनम काय करणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार!

नव्या शास्त्राला माझा विरोध नाही. माती परीक्षण, को ८६०३२, ठिबक हे सगळे एके काळी नवेच होते आणि आपल्या सभासदांनी ते स्वीकारले ते काट्यावर वजन दिसल्यावर. रेअर अर्थलाही तोच न्याय लावू. माल मोटारीला लागतो म्हणून तो उसालाही लागतो, असे कोणी सांगू लागला तर त्याला चहा पाजावा, बसवून घ्यावे आणि एकच प्रश्न विचारावा : “न मारलेल्या पट्ट्याचं वजन किती भरलं?” त्याचे उत्तर मिळाले तर मला गट कार्यालयात जरूर कळवावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी